डबे चुकवणाऱ्या काकू

डबे हरवणारी माणसं जगात पुष्कळ असतात, मीही त्यांतलाच आहे; पण दुसऱ्यांचे डबे इतक्या शिस्तीनं, इतक्या नेमानं आणि इतक्या निरागस चेहऱ्यानं चुकवणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. या आमच्या पाळणाघरवाल्या काकू. बेलवलीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या मधली भिंत पाडून त्यांनी एक केल्या होत्या आणि त्यात सतरा मुलं सांभाळत होत्या. मुलं सतरा म्हणायचं ती कागदावर. प्रत्यक्षात त्या मुलांचे आईबापही धरायच्या, म्हणजे एकूण पन्नासेक जीव त्यांच्या ताब्यात असत, आणि त्यांतली पहिली सतरा त्यातल्या त्यात समजूतदार होती.

लग्नानंतर चौदा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, त्यामुळे चिंगीला पाळणाघरात सोडायला मी जायचो तेव्हा लोक मला तिचा आजोबा समजत. काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी मला माझी पायरी दाखवली. मी आनंदनगरच्या कारखान्यात क्वालिटी बघतो, तिथे माझ्या सहीशिवाय एक नटबोल्ट बाहेर जात नाही. त्या रुबाबात मी फाटकातूनच हाक मारली की चिंगीला पाठवा, मी घाईत आहे. काकू दारात आल्या, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चिंगीच्या बाबा, पोर म्हणजे कुरिअर नव्हे. चप्पल काढ आणि आत येऊन बस." आत बसायला मुलांच्या लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्या होत्या. प्रत्येक पालकानं पाच मिनिटं तरी त्या खुर्चीवर टेकायचं आणि शेजारच्या खुर्चीतल्या पालकाशी बोलायचं, असा तिथला कायदा. मी टेकलो, बोललो, आणि उठलो तेव्हा खुर्ची माझ्याबरोबर उठली. सतरा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला ओढून बाहेर काढायला मदत केली ती उल्हासनगरात जीन्सचं दुकान असलेल्या एका सिंधी शेठजींनी. त्यांची मुलगी चिंगीच्याच वयाची. त्या दिवसापासून आमची मैत्री आहे आणि तिचा पाया तो असा आहे.

महिन्याच्या सभेत काकू पालकांना मटार नाहीतर गवार निवडायला बसवत. हात रिकामे असले की माणसं भांडतात, असा त्यांचा सिद्धांत. शिवाय दर शनिवारी एका पालकानं दुपारभर मुलं सांभाळायची. माझी पाळी आली तेव्हा मुलांना झोपवण्याचं काम माझ्याकडे होतं. मला ते जमेना, म्हणून ताई मदतीला आली. ताई म्हणजे काकूंचा उजवा हात. बारवीकडच्या डोंगराखालच्या एका पाड्यावरून रोज सकाळी यायची. ती मधोमध बसली, एका मुलाला मांडीवर घेतलं आणि कसलंसं भात लावणीचं गाणं हळू आवाजात म्हणू लागली. दहा मिनिटांत सगळी खोली झोपली. सगळ्यांत आधी मी झोपलो, हे मला नंतर सांगण्यात आलं. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर बदकांची नक्षी असलेली तीन दुपटी होती.

पण काकूंचं खरं कसब डब्यांत. प्रत्येक मूल घरून स्टीलचा डबा आणी, आणि आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी कोणाचा तरी डबा कोणाच्या तरी घरी जाई. विचारलं की काकू चष्मा पदराला पुसत म्हणायच्या, "अधू झालीय रे माझी नजर." याच नजरेला खोलीच्या दुसऱ्या टोकाला चिंगीच्या नाकातला वाटाणा दिसला होता. डबा चुकला की तो बदलायला समोरच्याचं घर शोधत जाणं आलं. आणि आपल्याकडे रिकामा डबा कोणी परत देत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. पहिल्यांदा आमच्या घरी शेठजींचा डबा आला. बायकोनं तो घासला, त्यात भाजणीची थालीपिठं घातली आणि मला पिटाळलं. शेठजी दारातच म्हणाले, "भाऊ, तुमचा डबा खाली कैसे देऊ? मम्मी मारेल मला." आतून त्यांच्या आईनं गरम कोकी पाठवली, कांदा घातलेली जाड खरपूस रोटी. मी ती वाटेतच निम्मी संपवली आणि घरी येऊन सांगितलं की सिंधी लोक डबा अर्धाच भरतात. अशा रीतीनं वर्षभरात सतरा घरांनी एकमेकांचे उंबरे पाहिले. कोणाची सासू आजारी, कोणाच्या घरी पाणी एक दिवसाआड, सगळं सगळ्यांना माहीत झालं. आणि तरी आमच्यापैकी एकालाही कळलं नाही की इतकी अधू नजर असलेल्या बाईकडून मुलं मात्र कधीच कशी चुकत नाहीत.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. तो टाळून हे पुरं होणार नाही.

झालं असं की डोंबिवलीहून माझी थोरली बहीण आली. ती निवृत्त शिक्षिका आहे आणि शुद्ध मराठी हा तिचा कुळाचार आहे. चिंगी धावत तिच्यापाशी गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "आत्या, तू कवा आलीस? जेवलीस का नाय?" बहिणीनं पर्स खाली ठेवायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. कवा आणि नाय हे दोन शब्द तिच्या कानात असे बसले की पुढचे दोन दिवस ती दुसरं काही बोलली नाही. हे मूल उद्या मुलाखतीत काय करणार, असं ती पोळी लाटतालाटता म्हणायची. ती गेली, पण माझ्यातला क्वालिटीवाला जागा करून गेली. मी एक पत्र लिहिलं. 'मदतनीस व्यक्तीच्या ग्रामीण बोलीचा बालकांच्या भाषिक विकासावर होणारा अनिष्ट परिणाम विचारात घेऊन सदर जागी सुयोग्य व्यक्तीची नेमणूक व्हावी,' वगैरे. अकरा पालकांच्या सह्या घेतल्या, पहिली माझी. शेठजींनी मात्र सही केली नाही. "मेरी बेटी मराठी बोलते ती ताईमुळेच," ते म्हणाले. "कुठली मराठी, ते तुम्ही बघा." मला ते हास्यास्पद वाटलं.

पत्र काकूंच्या हातात द्यायची माझी छाती झाली नाही. शनिवारी सकाळी मी ते घडी करून चिंगीच्या दोन पुडाच्या डब्यातल्या वरच्या पुडात ठेवलं. जेवायच्या वेळी काकू डबा उघडतील, वाचतील, त्या वेळी मी आनंदनगरात असेन, असा हिशेब. संध्याकाळी बायको चिंगीला घेऊन आली आणि पिशवीतून एक लहानसा, पोचा आलेला डबा निघाला. बायकोनं तो उलटासुलटा पाहिला. "हा ताईचा. आपला तिच्याकडे गेलेला दिसतोय. त्याच्यावर माझ्या आईचं नाव आहे, उद्याच्या उद्या घेऊन ये." पत्राचं मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी स्कूटर काढली. मनाशी एकच घोकत होतो, की तिनं वरचं पूड उघडलेलं नसावं. घाई इतकी, की ताईचा डबा मी तसाच पिशवीत टाकला होता. पाड्यावर पोचलो तेव्हा ताई अंगणात तांदूळ पाखडत होती आणि तिची आठवीतली मुलगी पायरीवर वही घेऊन बसली होती. सासूनं मला चटई टाकली, पाणी दिलं, माझ्या हातून डबा घेतला आणि सहज झाकण काढलं. आत काही नव्हतं. तिनं झाकण परत लावलं आणि सुनेला म्हणाली, "घाईत आलं असतील." पंचवीस वर्षं मी लोकांच्या मालातले दोष काढतो आहे, पण इतक्या कमी शब्दांत मला कोणी नापास केलेलं नव्हतं.

ताई आतून आमचा डबा घेऊन आली. पत्र तिनं वेगळं, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. "कागद व्हता आत. सह्या हायत म्हणून जपून ठेवला. पोरीनं वाचला, पर शब्द मोठं हायत." मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. तिला सगळे शब्द समजले होते, हे तिच्या मानेवरून कळत होतं. ताईनं डबा माझ्यापुढे ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या बोलन्याचा पोरांना तरास व्हतो, तर मी नाय बोलनार. गप राहून काम करीन. तेवढं झोपवताना गानं म्हनू का नको, ते सांगा."

तेव्हा कुठे, इतक्या उशिरा, मला चिंगी त्या दिवशी काय म्हणाली होती ते ऐकू आलं. पाच वर्षांच्या मुलीनं दारात आलेल्या पाहुण्याला, पर्स खाली ठेवायच्या आधी, जेवलीस का म्हणून विचारलं होतं. आमच्या घरात हे कोणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही पाहुण्याला वायफायचा पासवर्ड देतो.

"म्हणा," मी म्हणालो. "बोला पण. पुढच्या शनिवारी माझी पाळी आहे. तुम्ही गप राहिलात तर मला झोप कशी लागायची?" ताई पदर तोंडाला लावून हसली. सासूनं आमच्या डब्याची दोन्ही पुडं जांभळांनी भरली, दारामागच्याच झाडाची. मी पत्र पिशवीतून काढलं आणि खालच्या पुडात जांभळांच्या खाली अंथरलं. स्कूटरवर अर्धा तास हादरून घरी पोचेपर्यंत कागदाचा जांभळा लगदा झाला होता. पहिली माझीच सही गेली.

सोमवारी बुटक्या खुर्चीवर बसून मी उरलेल्या दहा पालकांना सांगितलं की पत्र जांभळांत खराब झालं आणि पुन्हा लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. कोणी फार विचारलं नाही. त्यांनाही त्या सहीचं ओझं झालेलं असावं. सगळे गेल्यावर काकूंनी मला जीभ दाखवायला लावली, मुलांना लावतात तशी. "जांभळी आहे," त्या म्हणाल्या. वरच्या पुडातली जांभळं मी सकाळीच संपवली होती. मी धीर करून विचारलं, "काकू, तुम्ही शनिवारी वरचं पूड उघडलं होतं?"

"उघडलं. कागद निघाला. मुलं कागद खात नाहीत, म्हणून परत लावून ठेवला."

"वाचलात?"

"चष्मा नव्हता रे. पण डबा हलका लागला हाताला." मग गवारीची शीर काढत म्हणाल्या, "हलका डबा लांबच्या घरी पाठवावा. भरून येतो."

चिंगी आता मोठ्या शाळेत जाते. तिचा डबा प्लास्टिकचा, चार बाजूंनी कुलूप लागणारा, वर तिचं नाव, इयत्ता, तुकडी. तो रोज बरोबर आमच्याच घरी येतो आणि रिकामा येतो. शेजारच्या बाकावरच्या मुलीचं घर कुठे आहे, मला माहीत नाही. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्या बहुतेक वेळ खिडकीपाशी बसून असतात आणि पाळणाघर ताईच बघते. गेल्या बुधवारी बायकोनं बेसनाचे लाडू दिले होते, तिच्या आईचं नाव असलेल्या डब्यात, ते पोचवायला गेलो. चप्पल काढली, बुटक्या खुर्चीवर जपून टेकलो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ताई गात होती. काकूंनी डबा हातात घेऊन त्यावरचं नाव बोटानं चाचपलं आणि बाजूला ठेवला.

आज चार दिवस झाले, डबा आलेला नाही. बायको रोज विचारते. मी म्हणतो, येईल, कुणाच्या तरी घरी भरत असेल. आणि दाराची बेल वाजली की अजून मीच आधी उठतो.