विळीची केलेली सुरी

मी सुऱ्या करतो. स्वयंपाकघरातल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण नुसतं 'सुऱ्या करतो' म्हटलं की कसबा पेठेतसुद्धा लोक दोन पावलं मागे सरकतात. नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, हत्यारं आणि साचे घडवण्यात. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी मांडली. नवं पोलाद मी घेत नाही. जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून हुडकून आणतो. बंद पडलेल्या वखारीतल्या करवतीचं पातं, घासून गुळगुळीत झालेली विलायती कानस, असलं काहीबाही. मुठीला लाकूड पाडलेल्या इमारतींमधलं. आयटीतली मुलं येतात आणि विचारतात, "काका, हे ओरिजिनल हेरिटेज आहे ना?" मी म्हणतो, "आहे. डिशवॉशरमध्ये घालणार असाल तर प्लास्टिकची घ्या, शेजारच्या दुकानात मिळते."

गेल्या वर्षी बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आता खाली बसणं कायमचं बंद. मला पहिल्यांदा काय आठवावं? तिची विळी! जन्मभर तिने विळीवरच चिरलं. मी केलेल्या सुऱ्या ओट्यावर असायच्या, पण त्यांच्यावर तिने फार तर पाव कापला असेल, तोही मी बघत असलो तर. विळी तिच्या माहेरची. सासरे टांगा चालवायचे, स्टेशन ते मंडई. रिक्षा वाढल्या आणि टांगा मोडीत काढायची वेळ आली, तेव्हा त्याच्या कमानीतला, म्हणजे स्प्रिंगमधला, एक पोलादी पाटा त्यांनी ठेवून घेतला आणि लोहाराकडून लेकीच्या लग्नासाठी ही विळी घडवून घेतली. असलं पोलाद हल्ली मागून मिळत नाही. आणि ते आता ओट्याखाली गंजत पडणार? छे! माझं डोकं चालायला लागलं. एकदा ते चाललं की मी कोणाला काही विचारत बसत नाही, हा माझा जुना रोग आहे.

हॉस्पिटलमधून ती आठवडाभर लेकीकडे राहणार होती, तिथे लिफ्ट आहे. तेवढ्यात काम उरकायचं ठरवलं. पाटावरून पातं सोडवलं. टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी असते ना, ती ग्राइंडरने उडवली आणि भंगारात टाकली. सुरीला खवणी कशाला? वाकडं पातं भट्टीत लालबुंद करून ऐरणीवर सरळ केलं. मग धार टिकावी म्हणून पाणी दिलं. म्हणायचं पाणी, बुडवायचं मात्र कोमट तेलात, कारण असलं पोलाद खऱ्या पाण्यात घातलं की त्याला तडा जातो. तेलातून बाहेर काढेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मूठ केली ती एका पाडलेल्या शाळेतल्या बाकाच्या सागवानाची. खोटं कशाला बोलू, इतकी देखणी सुरी माझ्या हातून कधी झाली नव्हती. दोन दिवस मी तिच्याकडे येता-जाता बघत होतो.

ती वॉकर धरून घरी आली. धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात, म्हणून मी सुरी ओट्यावर ठेवली आणि तिला बोलावलं.

"छान झाली आहे," ती म्हणाली. मग ओट्याखालच्या कप्प्याकडे बघायला लागली. "अहो, माझी विळी कुठे आहे?"

"अगं, हीच ती!" माझ्या टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

ती पात्यावरून बोट फिरवत टोकापर्यंत आली, तिथे जरा थांबली. मग वॉकर वळवला आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. प्रवासाने दमली असेल, असं मी माझं समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने बटाटा घेतला. उजव्या हातात सुरी घट्ट उभी धरली आणि डाव्या हाताने बटाटा तिच्यावर ढकलला. विळीवर तसंच असतं, पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. तिच्या हातांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. बोट कापलं. फार नाही, पण त्यानंतर तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. आम्ही डबा लावला. डबा ठीक होता, पण घर कसं मुकं झालं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. ती रोज जीव तोडून सांगायची, "काकू, वॉकर सोडून उभ्या राहा हो. नाहीतर गुडघे असेच आखडतील आणि मग मलाही काही करता येणार नाही."

"उभी राहून करू काय?" बायको म्हणायची आणि कूस बदलायची.

हे आठ दिवस चाललं. ती कायमची झोपून राहील अशी मला भीती वाटायला लागली. पण भीती वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी ओरडतो. तसाच ओरडलो. "एका विळीपायी पांगळी होऊन बसणार आहेस का? नाहीतरी ती आता तुझ्या काय कामाची होती?"

"कोणी सांगितलं कामाची नव्हती?" ती उठून बसली. "हॉस्पिटलात पडल्या पडल्या मी सगळं ठरवलं होतं. विळी ओट्यावर चढवायची. पाटाला तुमच्याकडचा क्लॅम्प लावायचा आणि उभ्याने चिरायचं. घरी आल्यावर तुम्हाला सांगणार होते."

"बाबांनी टांगा मोडला, तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "चार दिवस जेवले नव्हते मी. पण त्यांनी पोटासाठी मोडला हो. तुम्ही हौसेसाठी मोडलीत."

शेडमध्ये जाऊन बसलो. रडलो, लपवायचं काय त्यात. जिच्याबरोबर उभा जन्म काढला, तिच्या ताटातली वस्तू मी तिला न विचारता उचलली होती आणि वर कौतुकाची वाट बघत बसलो होतो. डोळे पुसून मुठीला छिन्नी लावली. मग हात थांबला. आत गेलो.

"एक विचारू?"

"विचारा."

"ओट्यावर कुठे हवी? खिडकीकडे की गॅसकडे?"

"खिडकीकडे."

"किती उंच? धार सरळ उभी ठेवू, की थोडी मागे कलती?"

तिने पडल्या पडल्या हाताने काहीतरी दाखवलं. मला कळेना. पुन्हा विचारलं, पुन्हा कळेना. "अहो, टूलरूममध्ये काय हजेरीच लावत होतात काय?" असं म्हणत ती वैतागून उठली, वॉकर ठोकत ओट्यापाशी आली आणि हवेत पातं किती आणि कसं ते दाखवून गेली.

मूठ फोडली. धारेचं पाणी उतरू नये म्हणून तिला ओलं फडकं गुंडाळून बुडख्याकडचा भाग तेवढा तापवला, वाकवला आणि विळीचा जुना पाट होता त्यावरच पातं बसवलं. खालून क्लॅम्प आवळला. खवणी गेली ती गेलीच, भंगारवाला केव्हाच घेऊन गेला होता. तसं मी तिला सांगितलं. "हं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी ती आली. मी मंडईतून आणलेल्या भाजीतला कोबीचा गड्डा तिने घेतला. पहिला काप जाड पडला. दुसरा बरा. मग तिचे हात चालायला लागले आणि तो बारीक कचकच आवाज घरभर झाला.

"जमतंय?" मी विचारलं.

"बोटभर उंच झाली."

"उतरवू का?"

"आता नको. गड्डा होऊ दे."

कोबीला दोन्ही हात लागतात. वॉकर मागे दारापाशीच राहिला होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर तिच्या लक्षात आलं असतं आणि तिने तो लगेच धरला असता.