साडेसातची सुई

मांजरीच्या वाळूच्या ट्रेला मुंग्या लागल्या तेव्हाच मला कळलं होतं. खूप वर्षांपूर्वी बोम्मसंद्र्याच्या आमच्या भाड्याच्या घरात मोरीशी अशीच मुंग्यांची रांग लागली होती आणि आठवड्याभरात बायकोचा मधुमेहाचा रिपोर्ट हातात आला होता. आता येलहंकाच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीतल्या ट्रेच्या कडेने चाललेली ती रांग मी उभा राहून बघितली आणि मुकाट्याने वर हळद टाकली. हळदीने मुंग्या जातात, साखर जात नाही, हे मला चांगलं माहीत होतं. पण डॉक्टरकडे न जाता चार दिवस काढता आले.

मांजर माझी नव्हती, बायकोची होती. मी निवृत्त होऊन इकडे राहायला आलो त्याच वर्षी ती जिन्याखाली सापडली. बायकोने तिला नाव ठेवलं नाही. ती तिला नुसतं ‘अगं’ म्हणायची. मी बायकोला ‘अगं’ म्हणायचो, त्यामुळे मी हाक मारली की दोघीही वळून बघायच्या आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असायचा, की आता ह्याचं काय हरवलं. बायको गेल्यावरही माझी सवय गेली नाही. चष्मा सापडला नाही की मी ‘अगं’ म्हणायचो आणि दारात एकटी मांजर येऊन उभी राहायची.

पाचव्या दिवशी तिला खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारता येईना. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून ती फरशीवर फरपटत चालू लागली. मग मात्र मी तिला पिशवीत घातलं आणि रिक्षा केली.

डॉक्टरबाई तरुण होती. तिने मांजरीच्या कानातून थेंबभर रक्त घेतलं, यंत्रावरचा आकडा मला दाखवला आणि आता रोज दोन वेळा इन्सुलिन टोचावं लागेल, तुम्हाला जमेल का, असं विचारलं. मला हसू आलं. बायकोला मी नऊ वर्षं टोचत होतो. कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होतो, घड्याळाचा माणूस. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. सुई टोचायची आणि बरोबर अर्ध्या तासाने पान वाढायचं, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्यात मी एकदाही मिनिटाची हयगय केली नव्हती. तिच्या शेवटच्या सकाळीसुद्धा नाही. हे सगळं मी डॉक्टरबाईला अभिमानाने सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि बोट वर करून म्हणाली, “मोदलु ऊट, आमेले इंजेक्शन.” आधी जेवण, मग इंजेक्शन. मांजर जेवलेली डोळ्यांनी बघायची आणि मगच टोचायचं. नाही जेवली तर टोचायचं नाही, मला फोन करायचा. आमचं घराणं बेळगावकडचं, मला कन्नड मराठीइतकंच समजतं. मी “सरी, सरी” म्हणत होकाराची मान हलवली. पण मनात म्हणत होतो, पोरी, तू शाळेत होतीस तेव्हापासून हे हात सुई धरतायत.

एक सांगायला हवं. ही मांजर म्हणजे माझ्या दृष्टीने नुसती मांजर उरली नव्हती. एक जुनं पातळ सोडून बायकोच्या साड्या लेक आपल्या घरी मारतहळ्ळीला घेऊन गेली होती, भांडी वाटून झाली होती. तिच्या हाताने वाढलेलं, तिचा आवाज ओळखणारं, असं घरात हे एकच उरलं होतं. ते जाऊ द्यायचं नाही, एवढं मी त्या रिक्षातच ठरवलं. आणि माझ्या हातात तेवढं आहे, असंही मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून साडेसातची सुई पुन्हा सुरू झाली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. दहा महिने सकाळी उठून काय करायचं ते कळत नव्हतं. आता फ्रीजच्या दारातली बाटली काढायची, तळव्यांमध्ये हलकेच फिरवायची, दोन युनिट ओढायची, मानेवरची कातडी चिमटीत उचलायची. मांजर बिचारी चूं करायची नाही. टोचून झालं की मी उकडलेल्या चिकनची ताटली ठेवायचो आणि आजारपणाची ती भूक, ती तुटून पडायची. आधी सुई, मग ताटली. डॉक्टरबाईने उलटं सांगितलं होतं हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण हाताला नऊ वर्षांचं वळण होतं आणि मांजर रोज चाटूनपुसून खात होती, त्यामुळे माझ्या चुकीला शिक्षा होत नव्हती. शिक्षा झाली नाही की चूक ही पद्धत होऊन बसते. कारखान्यात हे मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो.

बायकोसुद्धा कधीकधी कुरकुरायची. “आधी पोटोबा, मग तुमची सुई,” म्हणायची. समोर पान आलं की टोचून घ्यायला भीती वाटत नाही, उपाशी पोटी टोचलं की अर्धा तास नुसतं वाट बघत बसावं लागतं, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचो, डॉक्टर तू की ते. मग ती हात पुढे करायची.

दोन महिन्यांनी तिचं वर्षश्राद्ध आलं. बेळगावहून माझी मोठी मेव्हणी आली. लेक आदल्या रात्रीच येऊन राहिली. मेव्हणी घरात शिरल्याबरोबर फ्रीज उघडून म्हणाली की उद्या ह्या घरात मांसाचा तुकडा चालायचा नाही. ते मलाही मान्य होतं. रविवारी आमच्याकडे कोंबडी शिजत असली तरी श्राद्धाचं घर स्वच्छच हवं, त्यात बायको फार काटेकोर होती. मी मांजरीचं उकडलेलं चिकन फाटकावरच्या कुत्र्याला घालून आलो. तिच्या खाण्याची पाकिटं होती, त्यातही मासळीच, म्हणून तीही शेजारच्या अक्कांकडे ठेवली. एक दिवस दहीभात खाईल, म्हटलं. पूर्वी बायकोच्या हातचा खायची की.

सकाळी साडेसातला मी आंघोळ करून धोतर नेसलेलं. बाटली काढली, फिरवली, दोन युनिट ओढली, टोचलं. मग दहीभात ठेवला. मांजरीने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मागचे पाय ओढत बायकोच्या पलंगाखाली गेली. भूक लागली की खाईल, असं मनात म्हणतोय तोवर गुरुजींनी बेल वाजवली. पुढे दर्भ, तीळ, पळी-पंचपात्र, गुरुजींचं ‘पाणी सोडा’, आणि पुन्हापुन्हा बायकोचं नाव. मांजर माझ्या डोक्यातून पार गेली.

बाराच्या सुमाराला आम्ही काकबळीचं पान घेऊन गच्चीवर गेलो. भात, खीर, वडा. कावळे तीन-चार होते, पाण्याच्या टाकीवर बसले होते. पण एकही खाली येईना. दहाव्याला तर पान ठेवायच्या आत शिवला होता. आता अर्धा तास गेला. ऊन चढलं. वायुसेनेचं एक विमान गडगडत डोक्यावरून गेलं, कावळे उडाले आणि पुन्हा येऊन तिथेच बसले. मेव्हणी हळूच म्हणाली, तिचं कशात तरी मन अडकलंय, बोला काहीतरी. माझा ह्यावर विश्वास नाही. पण लेक रडायला लागली होती. तिने आईला सांगितलं की बाबांकडे मी लक्ष देईन. कावळा हलला नाही. मेव्हणीने काहीबाही कबूल केलं. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी हात जोडले आणि म्हणालो, “तुझ्या मांजरीचं मी बघतो. तिला काही होऊ देणार नाही.”

कावळा आला. वडा उचलला आणि गेला. मेव्हणीने डोळे पुसले, लेकीने माझा हात धरला आणि मला, विश्वास नसणाऱ्या माणसाला, वर्षभरात पहिल्यांदा मोकळं वाटलं.

खाली येऊन मी आधी पलंगाखाली वाकून बघितलं, ही बातमी तिलाच द्यावी म्हणून. मांजर कुशीवर पडली होती. पाय ताठ झाले होते, अंग थडथडत होतं, तोंडातून लाळ गळत होती. शेजारी दहीभात तसाच, वर पिवळट साय धरलेला. साखर उतरल्यावर बायकोचं काय व्हायचं ते मी दोनदा बघितलं होतं, त्यामुळे काय झालंय हे समजायला क्षणही लागला नाही. पिंडासाठी आणलेला मध देवाशी होता. मी बोट बुडवून तिच्या हिरड्यांना चोळत राहिलो. तिने माझं बोट चावलं, रक्त आलं, तरी चोळत राहिलो. लेकीने गाडी काढली. मी धोतर-उपरण्यातच तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईने सलाइन लावलं आणि मग विचारलं, किती वाजता टोचलं? साडेसात. त्याआधी काय खाल्लं होतं? मी उपरण्याच्या टोकाने मांजरीची लाळ पुसली. लेक माझ्याकडे बघत होती. शेवटी मी सांगितलं, काही नाही. डॉक्टरबाई ओरडली असती तर फार बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. घरी माझं पान वाढलेलं होतं. त्या दिवशी कावळा जेवला, गुरुजी जेवले, मेव्हणी जेवली. उपाशी राहिली ती एकटी मांजर, आणि तिला उपाशी पोटी सुई मी टोचली होती.

दोन दिवसांनी ती घरी आली. नजर अधू झाली होती. पलंगाचा पाय समोर असला तरी जाऊन आदळायची. मागचे पाय आता जवळजवळ गेलेच होते. आता मी ताटली आधी ठेवायला लागलो. नुसती ठेवून भागायचं नाही. फरशीवर मांडी घालून बसायचो, बोटावर चिकनचा चोथा घेऊन तिच्या तोंडाशी धरायचो. चार घास गेले की टोचायचो. कधी साडेसातचे सव्वाआठ व्हायचे, कधी नऊ. घड्याळ समोर भिंतीवर होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसायला शिकलो.

तिथे बसल्या बसल्या मला बायकोचा तो अर्धा तास दिसायला लागला. रोज दोन वेळा, नऊ वर्षं, दंड चोळत टेबलाशी बसलेली बाई आणि ओट्याशी घड्याळ बघत उभा असलेला मी. नियम बरोबर होता, आजही म्हणेन. पण त्या अर्ध्या तासात शेजारची खुर्ची ओढून बसायला मला कुणी मनाई केली होती? मी कधी बसलो नाही. ह्याची मला लाज वाटते आणि ती सांगायला आता कुणी नाही.

सहा आठवडे असे गेले. मग घास चाराचे दोन झाले, दोनाचा एक. डॉक्टरबाईने पुन्हा रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं संपत आली आहेत म्हणून सांगितलं. बायकोचंही शेवटी तेच झालं होतं. मी विचारलं, त्या दिवसामुळे का? ती म्हणाली, तसं नाही, हे आतून आधीच चाललं होतं. खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, कोण जाणे. मी पुन्हा विचारलं नाही. ती म्हणाली की आता जबरदस्ती करू नका, स्वल्प आराम मिळू दे तिला. रोज सकाळी मी येऊन बघेन, तिला फार त्रास व्हायला लागला तर झोपेचं औषध देऊ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली काढली, तळव्यात फिरवली, सुई भरून बाजूला ठेवली. ताटली घेऊन खाली बसलो. बोट पुढे केलं. मांजरीने तोंड फिरवलं. पुन्हा पुढे केलं. तिने पंजा उचलून माझ्या बोटावर ठेवला आणि बोट बाजूला सारलं. नखं बाहेर काढली नाहीत.

बायकोची शेवटची सकाळ अशीच होती. मी सुई भरून पलंगाशी गेलो तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला होता. “आज नको हो,” म्हणाली होती. तिला दोन दिवस अन्न गेलं नव्हतं. मी म्हणालो होतो, साडेसात वाजले. आणि तिचा हात बाजूला करून टोचलं होतं. दुपारी ती गेली. त्या सुईने गेली नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण तिने माझ्याकडे मागितलेली शेवटची गोष्ट ती होती, आणि मी तिला वेळ सांगितली.

मी सुईला टोपण लावलं. मांजरीला बायकोच्या जुन्या सुती पातळात गुंडाळून मांडीवर घेतलं. साडेसात होऊन गेले. आठ वाजले. तिचं अंग हलकं हलकं होत होतं आणि मी तिच्या कपाळावरून बोट फिरवत होतो.

“अगं,” मी म्हणालो, “नको तर नको.”