बंद पडलेल्या कंपनीच्या काकू

“बसा हं. बघते काय करता येतं ते.” वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात आमच्या समोर राहणाऱ्या काकू कोणाच्याही अडचणीवर आधी एवढंच म्हणायच्या. माझी बायको किल्ली आत विसरून बाहेर अडकली, तेव्हाही हेच. पाठ ताठ, दोन्ही तळवे टेबलावर टेकलेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, काउंटर सुटत नाही.

सांगलीहून लग्न करून त्या ब्रिटनच्या पार उत्तरेला गेल्या आणि तिथल्या एका छोट्या विमान कंपनीच्या काउंटरवर आयुष्यभर उभ्या राहिल्या. काका गेल्यावर इथे मुलाकडे आल्या. शुक्रवारी मी घरून काम करायचो. दुपारी त्या चहाला बोलवायच्या आणि कंपनीचा इतिहास सांगायच्या. युद्धानंतर एका वैमानिकानं दोन जुनी विमानं घेऊन ती काढली होती. बेटांवर टपाल न्यायचं, डॉक्टर न्यायचा, एकदा तर मांडीवर धरून लग्नाचा केक नेलेला. पुढे मोठ्या शहरांच्या फेऱ्या सुरू झाल्या, जेट विमानं आली, मग स्पर्धेला स्वस्त तिकिटांच्या मोठ्या कंपन्याही आल्या.

“बेटांवरच राहायला हवं होतं आम्ही,” काकू म्हणायच्या.

नातू जाता जाता म्हणायचा, “आजी, दॅट एअरलाइन डझन्ट इव्हन एक्झिस्ट.” त्या हसून कपबशा उचलायच्या.

तिकडे नोकरीत असताना एके सकाळी साहेबांचा त्यांना घरी फोन आला होता. कंपनी बंद झाली, आज एकही विमान उडणार नाही, येऊ नका. काकू युनिफॉर्म घालून गेल्याच.

“लोक तर येणारच होते ना रे. त्यांना कोण सांगणार?”

लोक आले, ओरडले, निघून गेले. एक म्हातारा तेवढा उभा राहिला. त्याला भावाच्या अंत्यविधीसाठी बेटावर जायचं होतं. काकूंनी ओळखीपाळखीत फोन करून मासेमारीच्या एका बोटीत त्याची सोय लावली आणि स्वतःच्या गाडीनं त्याला धक्क्यावर सोडलं. समुद्र खवळलेला होता. तो वेळेवर पोचला का, हे त्यांना कधीच कळलं नाही.

एकदा त्यांनी मला इंटरनेटवर कंपनीबद्दल शोधायला सांगितलं. हौशी लोकांनी भरभरून लिहिलं होतं. विमानांचे नंबर, रंग, कुठलं विमान कुठे भंगारात गेलं. मी वाचत गेलो, त्या ऐकत राहिल्या.

“विमानांचं सगळं आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “माणसांचं कोणी काही लिहिलं नाही का?”

मी नाही म्हणालो. त्यांनी गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

मग मुलाला ब्रिस्बेनला नोकरी लागली. काकूंना यायचंय का, असं कोणी विचारलं नाही. त्यांचंही सामान बांधलं गेलं. तिथे त्या फार राहिल्या नाहीत, पहिल्याच हिवाळ्यात वारल्या.

मला आठवतो तो वेलिंग्टनचा विमानतळ. त्या ब्रिस्बेनला निघाल्या तेव्हा मी पोचवायला गेलो होतो. बॅगा घ्यायला माणूस नव्हता, मशीन होतं. चिकटवायची चिठ्ठी त्यातून आपोआप बाहेर आली, बॅग सरकत आत गेली. काकू तिथेच उभ्या राहून आजूबाजूला पाहत होत्या.

“थँक यू म्हणायचं होतं,” त्या मला म्हणाल्या. “कोणाला म्हणू?”

मागे रांग वाढत होती. मी हात धरून त्यांना बाजूला घेतलं.