चेन्नईच्या सिगार लाउंजमधली एक संध्याकाळ आणि तिचा खर्च

सिगार ओढायला म्हणून कुणी चेन्नईला जात नाही. मीही गेले नव्हते, मी गेले होते नोकरीसाठी. पुण्यात एका कंपनीत मी हिशेब तपासायचं काम करते. शारदा माझी हॉस्टेलमधली मैत्रीण, तंजावरकडच्या मराठी घरातली, आता चेन्नईत पेरुंगुडीला नोकरी करते. तिच्या ऑफिसात जागा निघाली, तिने माझं नाव पुढे केलं, परीक्षा झाली, फोनवरच्या मुलाखती झाल्या आणि सोमवारी प्रत्यक्ष भेट ठरली. नोकरी लागली तर राहायलाही सोय होती. शारदाच्या फ्लॅटमधली दुसरी खोली रिकामीच आहे. फ्लॅट तिच्या वडिलांनी घेऊन दिलेला.

सगळं इतकं सोयीचं जुळून आलं होतं की मला धड झोप लागेना. शारदाचा मला हेवा वाटतो. हॉस्टेलमध्ये वाटायचा, अजूनही वाटतो. संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन यायचा, आज काय शिकलीस म्हणून विचारायचे, आणि ती कंटाळून ‘काही नाही अप्पा’ म्हणायची. माझ्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. आई सिन्नरला विड्या वळते. मी काय शिकते हे तिला विचारता यायचं नाही. ती ‘जेवलीस का’ एवढंच विचारायची. तर अशा मैत्रिणीबरोबर एका छताखाली राहणं मला झेपेल का, हे बघायचं होतं. म्हणून भेट सोमवारी असूनही मी शुक्रवारीच पोचेन अशी गाडी धरली.

पुण्याहून चेन्नईला रेल्वेने साधारण अख्खा दिवस जातो. थ्री एसीचं तिकीट दीड हजाराच्या आसपास पडतं. डबा घरून न्या, सोलापूरनंतर गाडीत मिळेल ते आवडेलच असं नाही. राहायचं असेल तर एग्मोर स्टेशनच्या आसपास हजार-बाराशेपासून बऱ्या खोल्या मिळतात. मी मात्र शारदाच्या फ्लॅटऐवजी तिच्या आईवडिलांच्या घरी उतरले, त्या दिवसांत तीही तिथेच होती. तिचे वडील एग्मोरलाच राहतात, आई बहिणीकडे गेली होती.

दार अप्पांनीच उघडलं. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरी वेष्टी नेसलेले, हातात घडी घातलेला पेपर. त्यांची मराठी आपल्यासारखी नाही. जुनी आहे, आणि तिचा हेल तमिळ आहे.

“ये मा, प्रवास नीट जाहला की?” ते म्हणाले. “आमची भाषा ऐकून हसू नको. शारदा पुण्यास जाऊन आली, तेव्हापासून ती हसते.”

“मी हसत नाही अप्पा, मी दुरुस्त करते,” शारदा आतून म्हणाली.

“अय्यो, बापाला दुरुस्त करते,” अप्पा मला म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की मी चप्पल काढायच्या निमित्ताने खाली बघितलं.

जेवायला डांगर पचडी होती, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर. त्यावर मोहरी-मिरचीची फोडणी. मी तीनदा घेतलं. अप्पा वाढत होते आणि शारदा फोन बघत जेवत होती.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी जॉर्ज टाउनला गेलो. एग्मोरहून मेट्रोने पंधरा-वीस रुपयांत जाता येतं, सेंट्रलला गाडी बदलायची. तिथे एकेका गल्लीत एकच माल असतो: एका गल्लीत नुसते कागद, पुढच्या गल्लीत कुलपं, त्यापुढे चष्म्याच्या काड्या. सकाळी लवकर जा, अकरानंतर हातगाड्यांमधून चालता येत नाही. कॉफी वीस रुपये, आणि ती पुण्यातल्या दीडशेच्या कॉफीला मागे टाकते. एका दुकानात काळ्या चिरुटांच्या जुड्या बांधून ठेवल्या होत्या. त्रिचीकडचा माल. जुडी शंभराच्या आत. मी हातात घेऊन बघत होते तर शारदा म्हणाली, “हे नको. संध्याकाळी अप्पा आपल्याला खऱ्या सिगारला नेणारेत.”

तेव्हा मला त्यांच्या घरातला रिवाज कळला. मुलांपैकी कुणाला नोकरी लागली, बढती मिळाली, की अप्पा त्याला घेऊन सिगार लाउंजमध्ये जातात. एरवी ते तंबाखूला शिवत नाहीत. भावाला नेलं होतं, शारदाला पहिल्या नोकरीला नेलं होतं, आता बढतीसाठी नेणार होते. “या वेळी तूही,” ती म्हणाली. “तुझी सोमवारची आगाऊ.”

मी ‘बरं’ म्हटलं. मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी स्वतःसाठी एक छत्री घेतली होती, कारण लागत होती.

आता लाउंजविषयी, कारण बऱ्याच जणांना तेच वाचायचं असेल. तो एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आहे. वयाचा पुरावा मागतात, तो जवळ ठेवा. सभासद नसलात तर बसण्यासाठी माणशी दीड हजारांचा किमान खर्च करावा लागतो, पण तो सिगार आणि कॉफीत वळता होतो, त्यामुळे त्याची वेगळी धास्ती नको. सिगार एका काचेच्या खोलीत ठेवलेले असतात, तिथली हवा मुद्दाम दमट ठेवतात. त्यांच्यावर किंमत लिहिलेली नसते. शारदा आत गेली, दोन-तीन हुंगले आणि एक उचलला. मी मात्र तिथल्या माणसाला हळूच इंग्रजीत दर विचारले. त्याने न हसता सांगितलं. लहानातला लहान नऊशेचा, मधले दीड ते अडीच हजार, अप्पांनी घेतला तो अडतीसशेचा. मी नऊशेचा घेतला. अप्पांनी तो माझ्या हातातून काढून परत ठेवला आणि अठराशेचा दिला. “पहिला वाईट ओढलीस तर आयुष्यभर वाईट वाटेल,” म्हणाले.

कॉफी तीनशे ऐंशी. वीस रुपयांची जास्त चांगली होती. सगळ्यावर कर वेगळा.

लावण्याची पद्धत अशी. तो माणूस टोक कापून देतो, देवदाराची पातळ पट्टी पेटवून तिच्या आचेवर सिगार फिरवतो, आणि मग आपण ओढायचा. पोट भरलेलं असू द्या, नाहीतर डोकं गरगरतं. मुळात ओढला नाहीत तरी बिघडत नाही, तब्येतीसाठी ते काही चांगलं नाही आणि मी कुणाला सुचवतही नाहीये.

“धूर आत घ्यायचा नव्हे,” अप्पा शारदाला सांगत होते. “तोंडात ठेव. चव पाहा. सोड. घाई कशास?”

“मला माहीत आहे अप्पा. दुसऱ्यांदा आलेय.”

“माहीत आहे तर खोकतेस कशास?”

ती हसली, खोकली, पुन्हा हसली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी तिला सांगितलं ते सगळं करत होते: तोंडात ठेव, चव पाहा, सोड. कुणी मला सांगत नसताना दुसऱ्याला सांगितलेलं ऐकून शिकायची मला चांगली सवय आहे. काटा-चमचा, मुलाखतीत खुर्चीवर कसं बसायचं, विमानात पट्टा कसा लावायचा, सगळं मी असंच शिकले. मला खोकला एकदाही आला नाही. ते कुणी पाहिलं नाही.

अठराशे रुपयांत हजार विड्यांची मजुरी किती वेळा बसते, हा हिशेब मी तिथे बसल्या बसल्या केला. तो इथे लिहीत नाही. तुम्हीही करू शकता आणि त्याने कुणाचंच भलं होत नाही.

अर्धा सिगार झाल्यावर माझं डोकं जड झालं. आता बस झालं असं वाटलं, पण अर्धा अजून शिल्लक होता. माझे मामा अर्धी विडी उरली की टोक चिमटीत दाबून विझवतात आणि कानामागे खोचतात, संध्याकाळी पुन्हा पेटवतात. आमच्याकडे सगळेच तसं करतात. मी विचार न करता सिगारचं टोक राखदाणीत दाबलं, नीट विझलं का ते चिमटीने बघितलं, आणि कागदी रुमालात गुंडाळायला लागले.

सिगार असा चुरडून विझवत नाहीत, हे मला नंतर कळलं. तो ठेवून द्यायचा, आपोआप विझतो. दाबला की असा कुबट, जळका वास सुटतो की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मान वळवली. तो सेवक माणूस लगेच आला आणि नवी राखदाणी ठेवून जुनी झाकून घेऊन गेला.

“वैशू, काय करतेस तू?” शारदा म्हणाली. “पार्सल?”

“उरलाय म्हणून.”

“उरलेला असा नेतात का कोणी?”

“आमच्याकडे नेतात,” मी म्हटलं. “विडी अशीच विझवतात.”

“तुमच्याकडे विडी कोण ओढतं?”

“मामा. आणि आई वळते. घरी. कंपनीचा माणूस पानं आणि तंबाखू आणून देतो, वळलेल्या विड्या मोजून घेतो, वाईट वळलेल्या छाटून टाकतो आणि त्यांचे पैसे देत नाही.”

हे मी कुणापासून कधी लपवलेलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं. शारदाने तर कधीच नाही.

अप्पांनी स्वतःचा सिगार खाली ठेवला. ते पुढे वाकून बसले आणि विचारत राहिले. पानं कोणती? टेंभुर्णीची. भिजवायची किती? बांधायचा दोरा कोणत्या रंगाचा? आईचे हात दुखतात का? दुखतात, मी म्हटलं, खांदे जास्त. “आणि त्या हातांनी तुला शिकवले,” ते म्हणाले आणि बराच वेळ मान हलवत राहिले. शारदाची बढती मागेच पडली. ती तिच्या कॉफीत साखर ढवळत होती, आणि ती बिनसाखरेची पिते.

बिल अप्पांनी दिलं. तिघांचं मिळून कर धरून साडेदहा हजारांच्या पुढे गेलं. माझा वाटा द्यायला मी पाकीट काढलं तर ते इतके दुखावले की मी ते परत आत ठेवलं. त्या रात्री शारदा दिवा मालवून लवकर झोपली. केसांना वास मात्र दोन दिवस राहतो, तेव्हा जाताना जुने कपडे घाला.

सोमवारी पेरुंगुडी. एग्मोरहून टॅक्सीला साडेतीनशे-चारशे लागतात, सकाळी रस्ता तुंबलेला असतो, हाताशी दीड तास ठेवा. भेट शारदाच्या मॅनेजरबाईंशी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “शारदाने काल फोनवर तुमच्या आईबद्दल सांगितलं. फार प्रेरणादायी आहे.”

आतापर्यंत जे जे मिळवलं ते उत्तरपत्रिकेवर मिळवलं, एवढी एकच गोष्ट माझी होती. ही नोकरी आता आईच्या खांद्यांच्या दुखण्यावर मिळणार असेल तर मला नको होती. म्हणून मी विचारलं, “मॅडम, माझ्याबद्दलचा निर्णय हे ऐकण्याआधी झाला की नंतर?”

त्या चकित झाल्या. मग त्यांनी फाइलमधून पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. सही गुरुवारची होती. “परीक्षेत तुम्ही पहिल्या होतात,” त्या म्हणाल्या. “आज फक्त भेटायचं होतं.” मी होकार दिला.

कॅन्टीनमध्ये शारदा डोसा घेऊन बसली होती. “लागली ना?” तिने विचारलं.

“लागली. तू आईचं का सांगितलंस?”

“चांगलंच सांगितलं ना मी?”

“ते माझ्या आईचं आहे. मला विचारायचं होतंस.”

तिने डोसा बाजूला सारला. “तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे गं. मी त्यांना काय सांगू? अप्पांनी फी भरली, अप्पांनी फ्लॅट दिला, अप्पांनी सिगार पाजला? शनिवारी माझ्या बढतीला गेलो होतो आपण. त्यांनी तुला दोऱ्याचा रंग विचारला. मी काय काम करते, हे त्यांनी मला गेल्या वर्षभरात विचारलं नाही.”

मला राग आला. इतकं सगळं असून हिला तेही हवं होतं. फ्लॅट, फोन, पाठीवरचा हात, आणि वर माझी आईसुद्धा. “तुला हवी तर अदलाबदल करू आपण,” मी म्हटलं.

“सॉरी,” ती म्हणाली. मग तमिळ पद्धतीने ‘बरं’ म्हणत, “सरी, पुन्हा नाही सांगणार. खोली घेणारेस ना?”

मी सांगते म्हटलं, आणि संध्याकाळच्या गाडीने निघाले.

पुण्यात सामान ठेवून सिन्नरला गेले. नोकरीचं ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली. मग मी तिला सिगारचं सांगितलं. किमतीवर ती काही बोलली नाही, बोलेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, “त्या पोरीचा बाप तिला लई जीव लावतो का?”

“हो.”

“मग तुला तिथं राहवंल का?”

इतकी वर्षं मी तिला शारदाबद्दल फक्त चांगलंच सांगत आले होते. “माहीत नाही,” मी म्हटलं. “भाडं पूर्ण दिलं तर राहवेल.”

“मग दे पूर्ण,” आई म्हणाली.

या सहलीचा माझा खर्च येण्याजाण्याच्या तिकिटांसह साडेचार हजारांत बसला, कारण मोठा खर्च दुसऱ्याने केला. तुम्ही स्वतः जाल तर एका माणसाच्या लाउंजच्या संध्याकाळला तीन हजार धरा, आणि लाजू नका, दर आधी विचारा. पुन्हा जाईन का, तर जाईन, पण स्वतःच्या पैशाने आणि नऊशेवाला घेऊन.

आईशी बोलले त्याच रात्री शारदाला फोन केला. म्हटलं, खोली घेते, पण माझ्या वाट्याचं निम्मं भाडं बाजारभावाने पूर्ण देणार, त्यात सवलत नाही, आणि आईबद्दल जे सांगायचं ते मी सांगेन. ती सगळ्याला सरी सरी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “अप्पा रोज विचारतात, ती केव्हा येणार. तुझ्या आईला घेऊन ये म्हणतात. मी आज घरी गेले होते, तर मला जेवलीस का म्हणूनही विचारलं नाही.”

ती हसत होती, पण ते हसणं मला आतून माहीत होतं. असं हसून हॉस्टेलमध्ये तिच्या अप्पांच्या फोनच्या वेळी मी कितीदा तरी तिच्याशेजारी बसले आहे. काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. मी फक्त ‘हं’ म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मला फार बरं वाटत होतं.