आधी वास घ्यायचा

रेखाताई निकाळजे उठून कूलर बंद करायच्या आणि आम्ही तिघं एकमेकांजवळ सरकून बसायचो. मे महिन्यातली रविवारची दुपार, सिडकोतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या भिंती नुसत्या भाजून निघालेल्या, आणि ही बाई कूलर बंद करतेय म्हणजे खेळात आता काहीतरी येणार. परत येऊन त्या सतरंजीवर मांडी घालायच्या, चष्मा काढून ओढणीला पुसायच्या आणि तो पुन्हा डोळ्यांवर न चढवता बाजूला ठेवायच्या. मग आवाज अगदी खाली आणून म्हणायच्या, "बघायचं नंतर. आधी वास घ्या."

पहिल्या वेळी त्यांनी ओल्या गोणपाटाचा वास सांगितला. खेळातल्या कोरड्या विहिरीत ओलं गोणपाट कुठून आलं, असा विचार आम्ही करत होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन् आता तो वास मागून येतोय." मी बियाणांच्या कंपनीत हिशेब बघते, चाळिशी केव्हाच ओलांडलीय, घरात पाल निघाली तर मीच हाकलते. तरी मी मागे वळून पाहिलं. मागे त्यांचा फ्रिज होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की यात एक जण जग सांगतो आणि बाकीचे त्या जगात एकेक माणूस होऊन शिरतात. राणी, जादूगार, चोर, ज्याला जे व्हायचं ते. संकट आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि आकडा सांगेल तसं पुढे जायचं. फासे रेखाताईंच्या मुलाचे. तो नोकरीला बंगळूरला गेला, फासे कपाटात राहिले, तेव्हा या बाईंनी फोनवर त्याच्याकडून खेळ समजून घेतला आणि माणसं गोळा केली. खालच्या मजल्यावरची मी. त्या ज्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या, तिच्या शेजारी दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर कुलकर्णी. आणि समीर. समीर वाळूजला कारखान्यात कामाला, त्याच्या अब्बांचं शहागंजात शिवणाचं दुकान. लॅबमध्ये घालायचे पांढरे कोट रेखाताई त्यांच्याकडून शिवून घ्यायच्या. ते पोचवायला समीर एकदा आला आणि चहा पिता पिता चोर होऊन बसला.

बाईंच्या डोक्यातून निघणारी जनावरं मी जन्मात विसरणार नाही. त्या मूळच्या दुष्काळी पाचोडच्या, त्यामुळे त्यांच्या जनावरांना पाण्याची ददात असायची. विहिरीतला तो जो होता, त्याचं नाव ओलचाट्या. आटलेल्या विहिरीच्या भिंती चाटून तो जगतो. भिंती संपल्या की जे काही ओलं असेल ते चाटतो, आणि माणूस घामाने ओला असतो. कूलर बंद असलेल्या खोलीत हे ऐकताना मानेवरून घाम उतरायचा आणि तो पुसायलाही हात धजावायचा नाही. ओलचाट्याला दात नाहीत म्हटल्यावर कुलकर्णींना व्यावसायिक दुःख झालं. दात नसलेल्याला घाबरायचं कशाला, असं त्यांनी विचारलं. रेखाताईंनी त्यांच्या जादूगाराला त्याच दुपारी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चाटवलं. पुढे कुलकर्णी दातांबद्दल बोलले नाहीत.

माणसं घडवतानाही त्यांची हीच रीत. नवीन माणूस खेळात आणायचा असेल तर त्याचे तीन वास सांगायचे, मगच त्याला प्रवेश. माझ्या राणीला मी मोठ्या हौसेने चंदन, केवडा आणि धूप असे वास दिले होते. "ही काय देव्हाऱ्यातली तसबीर हाय का?" त्या म्हणाल्या. "बाई घोड्यावर बसती ना तुझी? मग घोडा कुठं गेला?" मला राग आला होता. पण घोड्याचा वास दिला आणि माझी राणी खरंच चालायला लागली, हे मला कबूल करावं लागलं. त्या सांगायच्या, पहिले दोन वास माणूस विचार करून देतो, तिसरा आपोआप येतो, आणि त्या तिसऱ्यात तो जिवंत असतो.

त्यांचे दोन नियम मात्र काळ्या दगडावरची रेघ. फासा सगळ्यांसमोर स्टीलच्या ताटात टाकायचा, म्हणजे लपवाछपवी नको. आणि जित्या माणसाला खेळात आणायचं नाही. दुसरा नियम झाला कुलकर्णींमुळे. त्यांनी एकदा आपल्या साडूला कंजूष राक्षस करून आणलं आणि हसत हसत ठार केलं. त्याच आठवड्यात साडू न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसला. कुलकर्णी इतके हादरले, की फळं घेऊन त्याला पुन्हा पुन्हा भेटून आले, आणि साडूला हे एकाएकी उतू चाललेलं प्रेम शेवटपर्यंत समजलं नाही. रेखाताई म्हणाल्या, "योगायोग हाय, डॉक्टर. पण ताट कुणाला वळखत नाय. राक्षस सांगा का साडू सांगा, ते नुसता आकडा दाखवतं. जिता माणूस त्याच्यापुढं ठेवायचा नाय."

गेल्या उन्हाळ्यात समीरचा चोर मेला आणि पुढच्या रविवारी तो नवीन माणूस घेऊन आला. मशालजी. म्हातारा, काटक, सगळ्यांना उजेड दाखवणारा. वास विचारले तेव्हा तो म्हणाला, घासलेट. मग म्हणाला, पेपरमिंटची गोळी. मग जरा थांबून म्हणाला, शिलाई मशीनचं तेल. कुलकर्णी हसले, कारण विहिरीत उतरणाऱ्या मशालजीला शिलाई मशीनचं काय काम? रेखाताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा घातला, समीरकडे पाहिलं आणि "बरं, घे" एवढंच म्हणाल्या.

समीरचे अब्बा तेव्हा अतिदक्षता विभागात होते. छातीत पाणी झालं होतं. मोठा भाऊ तिथे बसून असायचा आणि हा दर रविवारी आमच्याकडे यायचा. मला त्याची चीड यायची. बाप तिकडे नळ्यांत अडकलेला आणि हा इथे मशाल घेऊन हिंडतोय, असं मी घरी बोललेसुद्धा. खेळतानाही तो विचित्र वागायचा. मशालजीला सगळ्यांच्या मधोमध ठेवायचा, पुढे जाऊ द्यायचा नाही, साधं दार उघडायचं असलं तरी माझ्या राणीला ढकलायचा.

पण विहिरीच्या तळाशी उजेडवाल्याला पुढे जावंच लागतं. त्या रविवारी रेखाताईंनी कूलर बंद केला. ओल्या गोणपाटाचा वास आला, डावीकडून आला, मग वरून आला, आणि मशालजीच्या मानेवर काहीतरी खरखरीत टेकलं. अकरा किंवा वर पडलं तर सुटला. खाली पडलं तर गेला. समीरने फासा मुठीत घेतला आणि तसाच बसला.

कुलकर्णी दोनदा "टाक" म्हणाले. फरशीवर पालथा ठेवलेला समीरचा फोन थरथरत थरथरत माझ्या गुडघ्यापर्यंत सरकत आला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. त्याच्या कपाळावरचा घाम हनुवटीवरून ताटात पडला आणि त्या थेंबाचाही आवाज झाला.

"ताई, मेरे से नहीं होता," तो म्हणाला. "मशालजी बच के निकला तो अब्बा भी बच के निकलेंगे. मैं ऐसा बोल के बैठा हूँ, पहले दिन से."

कुलकर्णींचा चेहरा साडूच्या आठवणीने पांढरा पडला. मशालजी सुटला असं धरून चालू, काय बिघडतंय, असं ते घाईघाईने म्हणाले. समीरने मान हलवली. धरून चालत नाही डॉक्टर, म्हणाला, आकडा पडावा लागतो. मला मात्र राहवलं नाही. ते तिकडे तसे पडलेत आणि तू इथे का येतोस, असं मी त्याला चांगलं खडसावून विचारलं.

"तिथं अब्बा नाहीत, मंजूताई," तो म्हणाला. "तिथं जो माणूस झोपलाय त्याला नुसता स्पिरिटचा आन् साबणाचा वास येतो. मैं नाक लगा के देखा. अब्बांचा वास इथं येतो."

इतके रविवार मी या पोराला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. कूलर बंद असताना रेखाताई कधी चष्मा घालत नसत, पण आत्ता त्यांनी तो घातला.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "तिसरा वास सांगितलास तवाच वळखलं होतं मी. माझ्या कोटाला हाच वास असतो नवा असताना. गप बसले." आणि त्यांनी ताट उचलून पालथं घातलं. इतक्या वर्षांत आम्ही ताट पालथं कधी पाहिलं नव्हतं. "फासा तुझ्याकडंच राहू दे. आज पडायचा नाय. फोन उचल."

फोनवर मोठा भाऊ होता. अब्बांचा मास्क जरा वेळ काढला होता आणि ते समीरला शोधत होते. रेखाताईंनी स्कूटीची किल्ली घेतली आणि जाताना समीरला एकच विचारलं, दुकानाची चावी जवळ आहे का? ती होती. दोघं गेले. कुलकर्णी आणि मी त्या पालथ्या ताटासमोर घामाने निथळत बसून राहिलो, आणि उठून कूलर लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

पुढचं समीरनेच नंतर सांगितलं. क्रांती चौकातल्या गर्दीतून ताईंनी गाडी अशी काढली, की त्याला अब्बांआधी आपलीच काळजी वाटली. शहागंजात त्यांनी अर्धं शटर उघडायला लावलं आणि मशीनशेजारची तेलाची कुपी घ्यायला लावली. दवाखान्यातल्या नर्सबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. दाराशी समीरचे पाय अडले तेव्हा ताईंनी त्याच्या बोटांना तेलाचा थेंब चोळला आणि त्याला आत ढकललं. त्याने अब्बांचा हात हातात घेतला. बराच वेळ काही झालं नाही. मग अब्बांनी डोळे न उघडता विचारलं, "बॉबिन भर ली क्या?" समीर लहान असताना रोज सकाळी मशीनच्या बॉबिनवर दोरा गुंडाळून ठेवायचं काम ते त्यालाच सांगायचे. तो म्हणाला, "हौ अब्बा, भर ली."

तिसऱ्या दिवशी पहाटे अब्बा गेले. समीर तोवर तिथून हलला नव्हता.

अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर तो परत आला. ताट अजून पालथंच होतं; त्यात कुणी जेवलं नव्हतं की खेळलं नव्हतं. रेखाताईंनी ते सरळ केलं, कूलर बंद केला आणि म्हणाल्या, "आता टाक. आता खेळ हाय." फासा ताटात बराच वेळ फिरत राहिला आणि चारवर थांबला. एरवी मरण त्या स्वतः सांगायच्या, आम्हाला दरदरून घाम फुटेपर्यंत. त्या दिवशी म्हणाल्या, "कसा गेला ते तू सांग." समीरने सांगितलं, की मशालजीने मशाल राणीच्या हातात दिली, सगळे वर पोचले का ते मोजलं आणि उद्याची बॉबिन भरून ठेवा म्हणाला. कुलकर्णी हुंदके देऊन रडले. मीही रडले. विहीर सोडून आम्ही त्या दिवशी वरच थांबलो.

या फेब्रुवारीत रेखाताई मुलाकडे बंगळूरला कायमच्या गेल्या. ताट आणि फासे माझ्याकडे दिले. मी वास सांगते, पण माझ्या सांगण्याने अजून कुणी मागे वळून पाहिलेलं नाही, आणि रविवारी दुपारी मला त्यांची इतकी आठवण येते की कशात मन लागत नाही. त्यांना खेळात आणावं असं आम्हा तिघांनाही वाटतं. पण त्या चांगल्या जित्या आहेत, फोनवर रागावतातसुद्धा, तेव्हा नियम आडवा येतो.

सामान बांधायच्या दिवशी त्यांनी अब्बांनी शिवलेला एक पांढरा कोट समीरच्या हातात ठेवला. अब्बांची शिलाई आहे, तुझ्याकडे असू दे, म्हणाल्या. समीरने तो तिथेच नाकाशी धरला आणि डोळे मिटून खूप वेळ उभा राहिला. तेलाचा वास येतोय का, असं ताईंनी जरा भीतभीतच विचारलं. या बाईला मी घाबरलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

"नाही ताई," तो म्हणाला. "तुमचा येतोय."

समीरने कोटाची नीट घडी घातली, खाली जाऊन आपल्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि खोकी खाली न्यायला पुन्हा वर आला.