पाचवी सही

माझ्या मुलुंडच्या दवाखान्यातला वजनकाटा कुत्र्यांसाठी आहे. शेळी काही त्यावर चढेना. शेवटी काकींनी पुढून आणि मी मागून धरून तिला उचलून ठेवलं. बाकावर लॅब्राडोर घेऊन बसलेल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. तो खरं तर माझाच माझ्यावरचा राग होता, कारण ती शेळी कोणाची आणि ती माझ्याकडेच का आली, हे मला चांगलं ठाऊक होतं.

काकी म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची आई. त्या मानखुर्दला राहतात. गिरणी बंद पडल्यावर घरातल्या माणसांनी मिळेल ते काम धरलं आणि काकींनी शेळ्या पाळल्या. मैत्रीण बारावीत असताना एका पावसाळ्यात त्यांच्या चार शेळ्या पाठोपाठ मेल्या. कशाने मेल्या ते सांगायला कोणीच आलं नाही. मैत्रीण पशुवैद्यकीयला आली ती त्या चार शेळ्यांमुळे. आमच्यासारखी मानवी डॉक्टरकी हुकली म्हणून नव्हे.

शेवटच्या वर्षी आम्हाला एक वैकल्पिक विषय निवडायचा होता. पाळीव प्राण्यांची चिकित्सा, कुक्कुटपालन, वन्यजीव, मत्स्यआरोग्य असे पर्याय होते आणि यादीच्या तळाशी शेळ्या-मेंढ्यांचे आजार. नियम असा की निदान पाच जणांनी फॉर्म भरला तरच विषय चालवायचा. शेळ्यांना कोण विचारतंय? उपनगरात दवाखाना काढायचा तर कुत्री-मांजरं हवीत, हे आम्ही पहिल्या वर्षापासून ऐकत आलो होतो. पण मैत्रीण हट्टाला पेटली. कॅन्टीनमध्ये, वसतिगृहात, अगदी परीक्षेच्या रांगेत उभं राहून तिने तीन जण गळाला लावले. ती धरून चार झाले. मग माझ्याकडे आली.

"तू पाचवी हो ना गं. तू असलीस की झालं."

मी तिच्यासमोर सही केली. तिने मला वडापाव चारला, वर मिरची माझ्या ताटात टाकली, आणि त्या दिवशी ती इतकी खूश होती की मला मी फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

बुधवारी मी एकटीच कॉलेजच्या ऑफिसात गेले. घाटकोपरच्या आमच्या घरात तोवर सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं होतं, "शेळ्या कोण आणणार आहे तुझ्याकडे?" पण दोष घरच्यांवर ढकलण्यात अर्थ नाही. मलाच भीती वाटली. पाळीव प्राण्यांच्या विषयात एकच जागा उरली होती. क्लार्कने व्हाइटनरची बाटली पुढे सरकवली आणि मी शेळ्यांवर पांढरा पट्टा ओढला.

सोमवारी नोटीस लागली. पुरेसे विद्यार्थी नसल्याने शेळ्यांचा विषय रद्द. त्या चौघांना जिथे जागा होत्या तिथे टाकलं, मैत्रीण कुक्कुटपालनात गेली. मी तिला म्हणाले, "मलापण दुसऱ्या पसंतीचं दिलं गं." खोटं किती सहज बोलता येतं! फॉर्म कोणी मागे घेतला याचा तिने खूप विचार केला आणि बोरिवलीहून येणाऱ्या एका मुलीवर तिचा संशय गेला. ती बिचारी चौघांतलीच होती. मी मान डोलावली. वर्ष संपेपर्यंत मैत्रीण त्या मुलीशी नीट बोलली नाही आणि मी त्या दोघींच्या मध्ये बसून डबा खात राहिले.

आता मैत्रीण नाशिककडे एका कोंबड्यांच्या फार्मवर डॉक्टर आहे. मी इथे लॅब्राडोरांची नखं कापते.

"दोन दिवस काय खात नाय गो," काकी सांगत होत्या. "तिचा फोन लागत नाय, शेडात असते. पण ती नेहमी सांगते, तू शेळ्यांसाठी सही केली होतीस. म्हटलं, हिलाच कळेल. रिक्षा केली नि आले."

मी स्टेथोस्कोप कानाला लावला, म्हणजे बोलावं लागू नये. शेळी गाभण होती, दिवस भरत आलेले. दात खात होती, उभी राहिली की थरथरत होती. खाण्यात काहीतरी वावगं आलं असणार, असं मी ठरवून टाकलं. पोटासाठी इंजेक्शन दिलं, खायचा सोडा पाजला, आणि अगदी ऐटीत म्हणाले, "उद्यापर्यंत खाईल, काकी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. शेळी दुपारी गेली होती.

"पोटात दोन पिल्लं होती," ती म्हणाली. "तोंडाला गोडसर वास येत होता का? लघवी तपासलीस?"

मी तपासली नव्हती. लघवी तपासायच्या पट्ट्या माझ्या ड्रॉवरमध्येच होत्या, मधुमेही कुत्र्यांसाठी मी त्या रोज वापरते. पोटात जुळी असली की शेवटी शेवटी शेळीच्या अंगातली साखर कमी पडते आणि ते लघवीत कळतं, हे मूळ अभ्यासक्रमातही होतं. मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि विसरले होते. ती मात्र कोंबड्यांमध्ये राहूनही विसरली नव्हती.

"आई म्हणते, तू फार मायेने बघितलंस," ती म्हणाली. ते ऐकून माझा धीर सुटला. मी सगळं सांगून टाकलं: बुधवार, व्हाइटनर, बोरिवलीची मुलगी. रडत सांगितलं, जणू रडले की थोडी माफी आधीच मिळेल.

तिच्या मागे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता.

"तुला नको होतं तर नको होतं," ती म्हणाली. "त्याचं काय नाय गं. पण यादी शुक्रवारी बंद होणार होती. बुधवारीच मला सांगितलं असतंस, तर मी दुसरं कोणीतरी शोधलं असतं ना. दोन दिवस होते माझ्याकडे."