शंभर तासांची करुणा

बुधवारी सकाळी जयमाला दुधाचे रिकामे खोके धुऊन, कात्रीनं उभे कापून बाल्कनीत वाळत घालत होती. कचऱ्यातही शिस्त पाळणाऱ्या या जपान देशात येऊन तिला दहा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात स्वतःपेक्षा जास्त आंघोळी तिनं खोक्यांनाच घातल्या असतील. नरेंद्र ऑफिसला गेला होता. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं माणूस एदोगावातल्या त्या इमारतीत एकही नव्हतं. म्हणजे आपल्याकडचंच कुणीतरी, हे तिनं दार उघडण्याआधीच ओळखलं.

दारात विभा होती. नदीपलीकडे ग्योतोकुला राहणारी, एरवी फक्त गणपतीत भेटणारी. मागे तिची सतरा वर्षांची कश्मिरा, मोबाइलमध्ये मान घालून.

"जयमालाताई, तुमच्याकडे म्हातारी माणसं आहेत ना?" विभानं सँडल काढता काढताच विचारलं.

"माझ्याकडे? सासूबाई तर पुण्यात असतात."

"तशी नव्हे हो! तुम्ही दर बुधवारी जाता ना त्या केंद्रात, तिथली."

कश्मिराला इंग्लंडात मेडिकलला जायचं होतं. त्यासाठी एक काउन्सेलर लावला होता. तो आठवड्यातून एकदा स्क्रीनवर येऊन विभाला घाबरवून जायचा. परवा म्हणाला होता, मार्क तर सगळ्यांनाच असतात, आता करुणा दाखवावी लागते.

"किती?" जयमालानं विचारलं.

"शंभर तास. पंधरा ऑक्टोबरच्या आत."

"ममा, नाइंटी इज फाइन," मान वर न करता कश्मिरा म्हणाली.

आज सप्टेंबरचा पहिला बुधवार होता. जयमालानं मनातल्या मनात भागाकार केला, आणि चहा टाकायला उठली.

तिच्या स्वतःच्या करुणेचा इतिहास फारसा तेजस्वी नव्हता. मोठा भूकंप झाला तेव्हा कंपन्यांनी तिकिटं काढून दिली आणि निम्मी मराठी मंडळी भारतात गेली. जयमालाचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेला होता, म्हणून ती राहिली. लोक अजून तिच्या धैर्याचं कौतुक करतात, आणि प्रत्येक वेळी ती पासपोर्टचं सांगते, पण कुणी ऐकून घेत नाही. तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती. सातव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या होशिनो-सानना, म्हणजे होशिनोबाईंना, तिनं तीन दिवस पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या. पुढे त्या म्हाताऱ्यांच्या दिवसभराच्या केंद्रात जाऊ लागल्या. एका बुधवारी जयमाला त्यांना पोचवायला गेली, आणि कुणी 'आता पुरे' म्हणालं नाही म्हणून जातच राहिली. त्याला सहा वर्षं झाली. तास मोजायचे असतात हे तिला आजच कळलं.

त्याच दुपारी तिनं कश्मिराला केंद्रात नेलं. विभा पेढ्यांचा डबा घेऊन सोबत आली. केंद्राचे प्रमुख ओगाता-सान यांनी तो दोन्ही हातांनी, कमरेत वाकून घेतला. विभाला वाटलं, काम झालं. तिसऱ्या दिवशी तिच्या पत्त्यावर तांदळाच्या खारट बिस्किटांचा मोठा खोका आला. इथं कुणी कुणाची भेट अंगावर ठेवत नाही, लगेच फिटंफाट करतात. विभानं मात्र 'प्रकरण पुढं सरकतंय' असा अर्थ काढून काजूकतली पाठवली. उलट द्राक्षं आली. मग चकल्या गेल्या, तेव्हा ओगाता-सान जयमालाला बाजूला घेऊन म्हणाले, "कृपा करून त्यांना थांबवा. माझ्या बायकोला आता पुढं काय पाठवावं ते सुचत नाहीये."

कश्मिराला होशिनो-सानच्या टेबलाशी बसवलं होतं. वय शहाऐंशी, गुडघे कामातून गेलेले, पण पत्त्यात कुणाला हार जाणार नाहीत. पहिल्या दिवशी कश्मिरा फोन मांडीवर ठेवून खेळली आणि सात डाव हरली. दुसऱ्या बुधवारी फोन पिशवीत गेला. तिसऱ्या बुधवारी दोघी एकमेकींवर लबाडीचा आरोप करत जपानीत इतक्या भांडल्या, की शेजारच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. होशिनो-सान तिला "डॉक्टर-सान" म्हणायच्या. "डॉक्टर-सान, पत्ते असे धरलेत तर रोग्याची नाडी कशी धराल?"

चौथ्या बुधवारी विभानं प्रमाणपत्र मागितलं. ओगाता-साननी हजेरीची वही काढली, लिहिलं, आणि लाल शिक्का अगदी सरळ उमटवला. *उपस्थिती: चार वेळा, प्रत्येकी दीड तास. एकूण सहा तास. काम: पत्ते खेळणे.*

"ताई, सहाच्या पुढं नुसती दोन शून्यं टाकली तर?" विभा रस्त्यात म्हणाली.

"सहाशे होतील. तुला तर शंभरच हवेत."

"चेष्टा नको हो. आणि पत्ते काय! 'वृद्धांच्या स्मरणशक्तीवर उपचार' असं नसतं का लिहिता आलं?"

मग काउन्सेलरनंच मार्ग काढला. कुठलीशी संस्था होती, ती शनिवार-रविवार ऑनलाइन शिबिर घेऊन थेट शंभर तासांचा कागद द्यायची. दोन दिवसांत शंभर तास कसे बसतात, हे गणित पहिल्या नंबरात येणाऱ्या कश्मिराच्या आईनंसुद्धा विचारलं नाही. कश्मिराचे बुधवार बंद झाले.

होशिनो-सानना हे कुणी सांगितलं नाही. पुढच्या बुधवारी त्यांनी पत्ते पिसून ठेवले आणि दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. दुपारी तीनच्या खाऊतला अर्धा केक कागदी रुमालात गुंडाळून बाजूला ठेवला. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. "परीक्षा असेल," त्या जयमालाला म्हणाल्या. "माझा मुलगाही नागोयाहून येतो म्हणतो आणि येत नाही. पण त्याचं कळतं मला. हिचं कळत नाही. फार हरवलं का गं मी तिला?"

जयमाला तिथून घरी गेलीच नाही. सायकल तशीच ग्योतोकुला काढली.

विभा खुशीत होती. "बरं झालं आलात! ऐका, कश्मिराचा निबंध." आणि चष्मा लावून वाचू लागली. "'वृद्धांचे थरथरते हात हातात घेतले, तेव्हा मला माझ्या आयुष्याचा अर्थ गवसला...'"

"होशिनो-सानचा हात थरथरत नाही," जयमाला म्हणाली. "पत्ते वाटताना दिसतसुद्धा नाही."

सोफ्यावरून कश्मिरा फसकन हसली.

"अहो, लिहायची पद्धत असते ती," विभा म्हणाली. "आता तुमचं तेवढं शिफारसपत्र हवंय. एवढी वर्षं करताय, तुमच्या शब्दाला वजन आहे."

"देईन की. सहा तास आली, मनापासून खेळली, असं लिहीन. त्यापुढचं मला माहीत नाही."

"बरं, तेवढं तर तेवढं."

"ती बाई दोन बुधवार पत्ते पिसून बसलीय गं, विभा."

"कोण बाई?"

"अजून?" कश्मिरानं विचारलं. फोन तिनं उशीखाली सरकवला होता.

जयमाला तिच्याकडं वळली. "बाळा, माझं एकच मागणं आहे. येत्या बुधवारी दोन वाजता ये. त्यानंतर यायचं नसेल तर नको येऊस, पण ते त्यांना तुझ्या तोंडानं सांग."